जंतूला जात विचारू नका, पत्ता विचारा

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला सातव्या महिन्यात मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं. माझी बहीण लांब सोलापूरला, त्यामुळे लोणावळ्यात तिची आई म्हणजे मीच. फोन आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि बाहेर आमचा नेहमीचा पाऊस. मी पोहोचले तेव्हा पोरगी दोन चादरी आणि वर गोधडी घेऊन थडथडत होती. "खाला, मेरेकू भोत ठंडी लगरी," एवढंच म्हणत होती. उजव्या कुशीत, मागच्या बाजूला हात लावू देत नव्हती. दोनदा उलटी झाली होती. घरच्यांना वाटलं मलेरिया असेल.

डॉक्टरांनी कुशीवर हलकंसं थोपटलं तशी ती किंचाळली. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला आहे, ॲडमिट करा, असं त्यांनी सांगितलं. लघवी तपासणीला गेली, सलाईन लागलं, नेहमी देतात ते सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन सुरू झालं. दोन दिवस झाले तरी ताप उतरेना. पोटात कळा येऊ लागल्या. अठ्ठाविसावा आठवडा होता. बाळ त्या आठवड्यात जन्माला आलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची लांब यादी आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे हे औषध या जंतूवर चालतं, 'आर' म्हणजे चालत नाही. वरून खाली बघत गेले तर आर, आर, आर. बी.एड. झाल्यापासून मी मुलांची प्रगतिपुस्तकं भरते आहे. इतकं नापास प्रगतिपुस्तक मी पाहिलेलं नव्हतं.

तो कागद हातात देताना तिथल्या एक बाई अगदी सहज म्हणाल्या, "तुमच्या लोकांत हे फारच दिसतं."

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे.

'तुमच्या लोकांत' म्हणजे कुणात?

माझी भाची चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. पहिलंच बाळंतपण. लग्नही तिच्या मर्जीने, शिक्षण झाल्यावर. 'तुमच्या लोकांत' म्हटलं की लहान वयातलं लग्न, चार-पाच पोरं आणि अस्वच्छ घर असं जे चित्र समोरच्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं, त्यातलं एकही तिला लागू नव्हतं. पण तिचं नाव केसपेपरवर होतं आणि तेवढं पुरलं.

मला राग आला. तो गिळून मी वॉर्डात बसले. शेजारच्या खाटेवर वीटभट्टीवरची एक कातकरी बाई होती, तिलाही असाच ताप. तिच्याबद्दल बोलताना कुणी म्हणालं, "या लोकांचं असंच असतं." पलीकडे पवन मावळातली एक मराठा मुलगी होती. तिलाही पहिलं इंजेक्शन लागू पडलं नव्हतं, तिचंही औषध बदललं होतं. तिला मात्र 'तुमच्या लोकांत' असं कुणी म्हटलं नाही. तिचा आजार तिचा एकटीचा होता. माझ्या भाचीचा आजार आमच्या सगळ्या समाजाचा झाला, आणि त्या कातकरी बाईचा तिच्या सगळ्या वस्तीचा.

आजाराला धर्म चिकटवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोना जणू तबलीगच्या लोकांनीच देशात आणला, असं वातावरण झालं होतं. त्या काळात भाजीवाल्यांना नावं विचारली गेली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असावं, असं मत नोंदवलं. निकाल आला, पण तोवर ज्याच्या त्याच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

त्यामुळे दवाखान्यातलं ते वाक्य ऐकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया तीच होती, जी तुमचीही झाली असती. हा द्वेष आहे, याकडे लक्ष द्यायचं नाही. पण रात्री घरी आल्यावर झोप येईना. टोमणा खोटा होता. आजार मात्र खरा होता. कागदावरचे ते सगळे आर कुठून आले?

दिल्लीचं नाव

हाच प्रसंग एकदा सबंध देशावर आला होता. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लीत उपचार घेऊन परत गेला. २००८ च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये त्याच्या लघवीत एक जंतू सापडला. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली औषधंसुद्धा हा जंतू फोडून टाकत होता. ज्या विकराच्या जोरावर तो हे करत होता, त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज'. थोडक्यात एनडीएम-१. २०१० साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ उठला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव, असं बरंच बोललं गेलं. पुढे लॅन्सेटच्या संपादकांनी त्या नावाबद्दल माफीही मागितली.

ती माफी योग्यच होती. शहराच्या कपाळावर जंतूचं नाव गोंदायचं कारण नव्हतं. पण त्याच २०११ साली दुसरी माहिती आली. दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या, गटारातून झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या ५१ मध्ये या विकराचं जनुक होतं. नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले, त्यातल्या २ मध्ये होतं. म्हणजे नाव चुकीचं होतं, पण पाणी खरंच दूषित होतं. नावावर भांडण्यात गेलेल्या वेळात पाणी काही स्वच्छ झालं नाही.

देशाला तेव्हा जे लागलं, तेच मला त्या वॉर्डात लागलं. म्हणून मी ठरवलं की देशाने केली ती चूक आपण करायची नाही. अपमानाला उत्तर द्यायचं, आणि पाणीही तपासायचं.

वंश की वस्ती?

अमुक वंशाच्या, अमुक समाजाच्या लोकांत औषधांना न जुमानणारे जंतू जास्त आढळतात, असं सांगणारे अभ्यास जगात होतात. ते सगळे द्वेषातून होत नाहीत. इंग्लंडची सरकारी आरोग्य संस्था दरवर्षी असा हिशेब मांडते. रक्तात उतरलेल्या जंतुसंसर्गांपैकी औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गांचं प्रमाण तिथल्या आशियाई लोकांत गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट, असं त्यांच्या अलीकडच्या अहवालात आहे. आता गंमत बघा. त्या हिशेबात आपण सगळे 'आशियाई'. तिथे देशमुख, शेख आणि सिंग एकाच रकान्यात बसतात. इथे जो मला 'तुमच्या लोकांत' म्हणतो, तो हीथ्रोला उतरला की त्याचे 'लोक' आणि माझे 'लोक' एकच होतात.

मग हे रक्तातच आहे का? याचं उत्तर स्वीडनमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात मिळतं. परदेशी फिरायला निघालेल्या लोकांची जाण्याआधी आणि आल्यानंतर शौचाची तपासणी केली. जाताना ज्यांच्या आतड्यात असे चिवट जंतू नव्हते, अशा १०० जणांपैकी २४ जण परत येताना ते घेऊन आले. भारतात जाऊन आलेले त्यात ८ जण होते. त्या ८ पैकी ७ जणांच्या आतड्यात ते जंतू होते. काही दिवस किंवा काही आठवडे आपल्याकडचं पाणी, आपल्याकडचं जेवण, बस्स. या लोकांचं रक्त बदललं नव्हतं, आजी-आजोबा बदलले नव्हते. फक्त मुक्कामाचा पत्ता बदलला होता.

जंतू हे कसब कसं मिळवतात, ते मी माझ्या वर्गातल्या मुलांना कॉपीच्या चिठ्ठीचं उदाहरण देऊन सांगते. एका मुलाने उत्तर लिहून चिठ्ठी केली की ती बाकांवरून फिरते. हुशार-ढ, आपल्या शाळेचा-दुसऱ्या शाळेचा, काही बघत नाही. औषध निकामी करण्याची युक्ती अशीच जनुकांच्या एका छोट्या वेटोळ्यावर लिहिलेली असते आणि एक जंतू ती दुसऱ्याला देतो. गटारात देतो, नदीत देतो, कोंबड्यांच्या शेडमध्ये देतो, आपल्या आतड्यातही देतो. आमची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, कामशेतवरून देहू-आळंदीला जाते. वाटेत तिच्यात जे मिसळतं ते कुठल्या आळीतून आलं, हे ती विचारत नाही.

वंशाचा संबंध येतो तो दुसऱ्या ठिकाणी. लघवीच्या साध्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटॉइन नावाची जुनी, चांगली गोळी आहे. पण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी ती फोडू शकते. ही कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. सिकलसेल असलेल्या बायकांना मूत्रपिंडाच्या संसर्गाचा धोका अधिक असतो. अशा वेळी डॉक्टरने समाज विचारलाच पाहिजे, आणि आपण न रागावता सांगितला पाहिजे. उपचारासाठी विचारलेला प्रश्न आणि पाठ फिरवण्यासाठी मारलेला शेरा, यातला फरक पेशंटला लगेच कळतो.

आता आपल्या घरातला डबा

इथवर वाचून 'मॅडमनी बरोबर सुनावलं' असं वाटलं असेल, तर पुढचंही वाचा.

दवाखान्यातून भाचीचे कपडे आणायला मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात फडताळावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. दिराच्या घशाच्या, सासऱ्यांच्या दातदुखीच्या, कुणाच्या जुलाबाच्या. तीन आठवड्यांपूर्वी भाचीला लघवीला जळजळ होत होती. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. आधी धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मग सासूबाईंनी प्रेमाने डब्यातल्या सेफिक्झिमच्या चार गोळ्या दिल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली. लाजेची गोष्ट, डॉक्टरला कशाला सांगायची, म्हणून ती कुणाला सांगितली गेली नाही. चार गोळ्यांनी कच्चे जंतू मेले, पक्के राहिले. ते पक्के जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले.

सासूबाईंना मी दोष देत नाही. असा डबा माझ्या घरातही होता. तुमच्याही असेल, मग तुमचं आडनाव शेख असो, गायकवाड असो की शहा.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच्या भाषणात एक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि कमी घेतो. जंतू मरत नाहीत, शिकतात. ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. ऐंशी वर्षं झाली. औषध ज्याने शोधलं त्यानेच ही सूचना दिली होती.

आणि आपण तर या औषधाच्या दारातच राहतो. देशातला पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली आपल्या पिंपरीत स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. लोणावळ्याहून पुण्याला जाणारी प्रत्येक लोकल पिंपरीला थांबते. आपल्या वडिलांच्या पिढीने हे औषध दुर्मीळ असताना पाहिलं. आपण ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं.

दुकानदारांचंही बोललं पाहिजे. २०१४ च्या मार्चपासून सेफिक्झिमसारखी अनेक औषधं 'शेड्यूल एच-वन' मध्ये आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती द्यायची नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात "भैया, जळजळ की दो दिन की दवा देना" म्हटलं की पुडी मिळते. आपल्याला तेच सोयीचं पडतं, कारण डॉक्टरची फी वाचते आणि रोजगार बुडत नाही. गरिबाच्या या हिशेबाला मी हसणार नाही. पण तो हिशेब शेवटी किती महाग पडतो, ते आम्ही पाहिलं. भाचीला मग मेरोपेनेम लागलं, दर आठ तासांनी शिरेतून. एका दिवसाचं औषध जावयाच्या आठवड्याच्या कमाईला भिडत होतं.

बाईच्या शरीराचा हिशेब

गरोदरपणात हा आजार का होतो, हे पुरुषांनीही समजून घ्यावं. या दिवसांत मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या सैल पडतात आणि वाढणारं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, उजवीकडे जास्त. लघवी तुंबते, जंतूंना चढायला वाट मिळते. दहापैकी सात-आठ वेळा हा जंतू ई. कोलाय असतो, म्हणजे आपल्याच आतड्यातला. शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू वाढलेले असतात. त्यांना कळतसुद्धा नाही. उपचार झाला नाही तर यातल्या काहींचा संसर्ग पुढे मूत्रपिंडात जातो; जुन्या अभ्यासांत हे प्रमाण चारातल्या एकीपर्यंत गेलेलं आहे. मग थंडी-ताप, दिवस भरण्याआधी कळा, कधी जंतू रक्तात उतरून आईच्या जिवावर बेतणं.

त्यात आपल्या बायका पाणी कमी पितात आणि लघवी धरून ठेवतात. मी स्वतः वीस वर्षं हेच केलं आहे. ज्या शाळेत मुतारीला कडी नसते आणि नळाला पाणी नसतं, तिथल्या मुली आणि शिक्षिका सकाळपासून घोटभर पाणीही पीत नाहीत. लोणावळा-पुणे लोकलच्या डब्यात संडास नाही. तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोटुशा मुली दीड-दीड तास धरून बसतात. वीटभट्टीवरच्या बाईला तर आडोसाही नसतो. ही सवय कुठल्या धर्माने लावली? सोय नसण्याने लावली.

आपल्याकडे इस्तिंजाला पाणी वापरण्याची चांगली रीत आहे. फक्त धुताना हात पुढून मागे जावा, मागून पुढे नाही, एवढं आईने मुलीला लहानपणीच शिकवावं. रमजानबद्दलही एक बोलते. गरोदर बाईला स्वतःची किंवा बाळाची काळजी वाटत असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत शरियतनेच दिली आहे. सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात. लघवीला जळजळ असताना, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास पाण्याविना राहणाऱ्या सुनेला 'हिंमतवाली' म्हणून शाबासकी देऊ नका. तिला पाणी द्या. मशिदीत जुम्याच्या बयानात आणि बायकांच्या इज्तेमात ही गोष्ट निघाली, तर माझ्या दहा लेखांचं काम एका दिवसात होईल.

मागायचं काय?

आता सरकारी बाजू. गरोदर बाईची आपल्याकडे लघवी तपासतात, नाही असं नाही. पण ती मुख्यतः प्रथिनं आणि साखर बघण्यासाठी, पट्टी बुडवून. जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, सरसकट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे की त्रास नसलेला संसर्ग ओळखायला कल्चर हीच चांगली पद्धत आहे, आणि तो सापडला तर सात दिवस औषध द्यावं. त्याच २०१६ साली आपल्याकडे पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झालं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. माझी मागणी साधी आहे. मावळातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात या ९ तारखेच्या तपासणीत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रत्येकीचं एक लघवी कल्चर व्हावं. नमुना तालुक्याबाहेर पाठवावा लागला तरी चालेल. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. माझ्या भाचीचे तेच दोन-तीन दिवस चुकीच्या औषधावर गेले.

आकडेवारीबद्दलही माझं म्हणणं आहे. समाजवार नोंदी नकोत, असं मी म्हणणार नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले, तेव्हा मुसलमान कुठे मागे पडले आहेत हे आकड्यांनीच दाखवलं. आकडे नसते तर आपली तक्रार कुणी ऐकली नसती. पण धर्माचा रकाना भरताना त्याच्या शेजारी आणखी चार रकाने भरा. घरात संडास आहे का? पाणी कुठून येतं? गेल्या सहा महिन्यांत कोणती औषधं घेतली, किती दिवस? दवाखाना किती लांब आहे? हे चार रकाने भरले की पाचव्यातला फरक बराचसा समजतो. ते कोरे ठेवून फक्त धर्म लिहिला, तर त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. तो केसपेपरवर लिहिलेला टोमणा होईल.

भाची दहा दिवसांनी घरी आली. कळा थांबल्या होत्या. दिवस भरल्यावर मुलगी झाली, आता ती रांगते आहे. अल्लाहचं शुक्र. त्या कातकरी बाईचं पुढे काय झालं, ते कळलं नाही. आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी तिला तिचा नवरा घेऊन गेला. भट्टीवरची उचल फिटायची होती आणि औषध अर्धंच झालं होतं. तिच्या शरीरातले ते जंतू आता त्या वस्तीच्या ओढ्यात असतील, ओढ्यातून इंद्रायणीत. 'तुमच्या लोकांत' असं म्हणणाऱ्या बाईंच्या नळालाही पाणी याच खोऱ्यातलं येतं.

तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल तर एवढं करा. जळजळ, वारंवार लघवी, कुशीत दुखणं, थंडी-ताप, यातलं काहीही तिने सांगितलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. औषध सुरू करण्याआधी कल्चर करता येईल का, हे विचारा. गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या घ्या. रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवा. आणि आज संध्याकाळी फडताळावरचा तो डबा खाली काढा.